धाब्यावर बसवलेली गोष्ट : कर्जतची घरे आणि गारव्याचा हिशेब

मराठीत एखादा नियम मोडायचा, एखादी सूचना कानाआड करायची, तर ती 'धाब्यावर बसवतात'. धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छत. नको असलेली वस्तू वर टाकून द्यावी आणि विसरून जावी, असा या वाक्प्रचाराचा अर्थ सहज लागतो. मात्र ज्या प्रदेशात धाबे ही नित्याच्या राहणीतली गोष्ट होती, तेथील घरांचा इतिहास पाहू लागलो की या वाक्प्रचारातली एक विसंगती ध्यानात येते. घराचा जो भाग भाषेने विस्मरणाची जागा ठरवला, त्याच भागाकडे घरधन्याला वर्षातून सर्वाधिक लक्ष द्यावे लागे. धाबे विसरले, की पहिल्याच मोठ्या पावसात ते घरात उतरे.

या विसंगतीचा धागा धरून एका आजच्या प्रश्नाकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उभ्या असलेल्या इमारतींमधला ऊर्जेचा वापर कमी करायचा आणि त्यायोगे कार्बनचे उत्सर्जन घटवायचे, हा तो प्रश्न. तो सहसा अभियंत्यांचा मानला जातो. फार तर शासनाचा. आम्हांस तो आधी इतिहासाचा वाटतो. जुने घर गार होते असे सर्वच म्हणतात. पण तो गारवा कशाचा बनलेला होता, तो कोण राखत होते, आणि राखण्याचे मोल कोणाला मिळत होते, हे प्रश्न क्वचित विचारले जातात. ते विचारल्यावाचून आजच्या प्रश्नाचे उत्तरही सापडणार नाही.

प्रदेश आणि घर

कर्जत म्हटले की बहुतेकांना मुंबई-पुणे लोहमार्गावरचे, रायगड जिल्ह्यातले कर्जत आठवते. येथे अभिप्रेत आहे ते अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचे, तालुक्याचे गाव कर्जत. गोदड महाराजांचे कर्जत. तालुक्याच्या दक्षिणेला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. भीमेकाठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक, अलीकडे देवीचे राशीन, आणि रेहेकुरीला माळरानावरच्या काळविटांसाठी राखलेले अभयारण्य. एवढ्या खुणांवरूनही या भूमीचा स्वभाव कळावा. पर्जन्यछायेचा, उघड्या माळांचा, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार नेणारा हा मुलूख आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पावसाला तोंड देणारी उतरत्या छपरांची घरे दिसतात; पूर्व-दक्षिणेकडे येऊ लागले की छपरे सपाट होत जातात. कर्जत, जामखेड आणि पुढे मराठवाडा हा धाब्याचा, म्हणजेच माळवदाचा प्रदेश.

धाब्याच्या घराची रचना थोडक्यात सांगावी लागेल. भिंती दगडमातीच्या किंवा निव्वळ मातीच्या, पण चांगल्या हात-दीड हात, सधन घरांत त्याहूनही जाड. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर झाडपाला, आणि पाल्यावर पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला जाड थर. घराचे मोजमाप खोल्यांत होत नसे, खणांत होई. खिडक्या मोजक्या व लहान. उजेडाला आणि चुलीच्या धुराला वर एक झरोका, ज्याला खेड्यात साणे म्हणत. पावसाचे पाणी बाहेर फेकायला पन्हळी. ऐपतदारांच्या वाड्यांत मध्ये चौक, भोवती ओसरी व पडवी.

या रचनेचे कार्य आजच्या पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगता येते. जाड माती उष्णता अडवते त्यापेक्षा तिला विलंब लावते. दुपारचे ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागले तरी त्याची धग आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते, आणि घरातली माणसे अंगणात किंवा खुद्द धाब्यावर अंथरुणे टाकून झोपलेली असतात. म्हणजे गारवा केवळ भिंतीत नव्हता. दिवसा आत आणि रात्री बाहेर या राहणीच्या क्रमातही तो होता. घर आणि त्यात राहण्याची रीत मिळून एक यंत्र पुरे होत असे. त्यातली रीत वजा केली, तर निव्वळ जाड भिंत रात्री उबाराच देते.

पांढर आणि काळी

धाब्यासाठी माती कोठून येई, यात या प्रदेशाचा एक मोठा सांस्कृतिक इतिहास दडलेला आहे. आपल्या खेड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे ही जोडी साहित्याच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. पांढर पांढरी होते ती पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहिल्याने. घरे पडतात, त्यांची माती तेथेच मिसळते, राख, शेण, कचरा यांचे थर तिच्यावर चढतात, आणि शतकांनी त्या मातीचा पोत बदलतो. नवे घर बांधताना हीच माती पुन्हा उचलली जाते. जुन्या घरातून नवे घर उगवावे, अशी ही व्यवस्था होती. इमारतीचे साहित्य बनवताना खर्ची पडणाऱ्या ऊर्जेची आज स्वतंत्र मोजदाद होते. पांढरीच्या घरात ती मोजण्याजोगी जवळजवळ नव्हतीच. माती खणायला फावडे लागे, भट्टी लागत नसे.

याच जिल्ह्यात जोर्वे, नेवासे, दायमाबाद येथे झालेल्या उत्खननांतून ताम्रपाषाणयुगीन मातीच्या घरांचे अवशेष हाती आले. अशा स्थळांवर संशोधकांना एकावर एक चढवलेल्या जमिनींचे थर सापडतात. कोणीतरी ती जमीन पुन्हापुन्हा चोपली, सारवली, नवी केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात राहणाऱ्यांची भाषा आपल्याला माहीत नाही, नावे माहीत नाहीत. त्यांनी घर राखले एवढे मात्र माहीत आहे.

राखण्याचे वर्ष

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. धाब्याचे घर एकदा बांधून पुरे होत नसे. त्याचे एक वार्षिक वेळापत्रक असे, आणि ते नक्षत्रांना बांधलेले असे. मृग लागण्यापूर्वी धाब्यावर चढून भेगा बुजवायच्या, उंदरांची बिळे शोधायची, नवी माती पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. श्रावणात धाब्यावर उगवलेले गवत उपटायचे, नाहीतर मुळांच्या वाटेने पाणी उतरते. पाऊस सरला की पोपडे आलेल्या भिंतींना गिलावा करायचा. दसरा-दिवाळीपूर्वी पोतारा फिरवायचा. आणि जमिनीचे सारवण तर आठवड्याचेच काम.

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण सर्वच वापरतो. घर राखून पाहावे, असे मात्र कोणी म्हणत नाही. याचे कारण उघड आहे. बांधणाऱ्याला नाव मिळते, राखणाऱ्याला मिळत नाही. सारवण, पोतेरे, गिलाव्याची माती तुडवणे ही कामे प्रामुख्याने घरातल्या स्त्रियांची. त्यांना मजुरी नव्हती म्हणून ती कोणत्याही हिशेबात आली नाहीत. आणि हिशेबात आली नाहीत म्हणून जुने घर स्वस्तात गार राहत होते, असा भ्रम पुढे निर्माण झाला. ते स्वस्त नव्हते; कोणीतरी त्याची किंमत पाठीच्या कण्याने चुकवत होते.

सार्वजनिक इमारतींची कथा याहून कठोर आहे. चावडी व गावकूस यांची डागडुजी हे गावकीचे काम, आणि ते वतनाच्या नावाखाली महारांच्या माथी असे. ज्यांनी गावकुसाच्या आत राहायचे नाही, त्यांनीच ते कूस राखायचे, असा हा न्याय. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले धामणगाव हे दया पवार यांचे गाव. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले, आणि गावगाड्याची ही दुसरी बाजू साहित्याला यापुढे नजरेआड करता येईना. जाड भिंतींचा गारवा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. गावाबाहेरच्या वस्तीत भिंती बुटक्या, छपर गवताचे वा पाचटाचे. पारंपरिक वास्तुशैलीच्या गौरवात ही झोपडी सहसा येत नाही.

कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ही उशिरा झालेली पण न्याय्य गोष्ट होती. प्रश्न उरला तो पुढचा. सक्तीचे काम गेले, ते योग्यच झाले. पण ते काम करण्याची गरज काही गेली नव्हती. त्याच्या जागी रास्त मजुरीचे काम उभे राहायला हवे होते. ते सहसा राहिले नाही. आमच्या मते उभ्या इमारतींच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ येथे आहे. आपण बिगारी संपवली आणि तिच्यासोबत देखभालही संपवली.

देखभाल थांबली की काय होते, याचे राजेशाही उदाहरण नगर शहरालगतच आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशहाच्या काळात पूर्ण झालेला फराहबाग हा महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला आहे. नगरच्या प्रसिद्ध नहरींनी आणलेले पाणी भोवती खेळावे, त्यावरून येणारा वारा उंच दालनांतून फिरावा, अशी ती योजना. वातानुकूलनाची ती अत्यंत प्रगल्भ कल्पना होती. आज वास्तू उभी आहे आणि तलाव कोरडा आहे. दगडचुना चार शतके टिकला. नहरीतला गाळ काढणारे हात टिकले नाहीत. महाल असो की कर्जतचे धाबे, नियम एकच : गारवा ही बांधलेली वस्तू नाही, ते चालू असलेले काम आहे.

पत्रा, स्लॅब आणि किल्लारी

धाब्याचे घर कसे मागे पडले? एका शब्दात सांगायचे तर 'प्रगती' असे उत्तर मिळते, पण ते पुरेसे नाही. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि नगर जिल्हा मुंबईच्या बाजारपेठेला जोडला गेला. त्या वाटेने दूरचा माल जिल्ह्याच्या दारात येऊ लागला. तुळयांना लागणारे जाड लाकूड पुढे दुर्मीळ व महाग होत गेले. दुष्काळांनी, त्यातही १९७२ च्या दुष्काळाने, माणसे गावाबाहेर कामाला नेली. दरवर्षी धाब्यावर चढायला घरात माणूस उरेना. पत्र्याला माती लागत नाही, चोपणे लागत नाही, उंदीर पोखरत नाही. पत्रा स्वीकारणाऱ्याने अडाणीपणा केला, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने श्रम वाचवले. त्याच्या घरातल्या बाईने तर निश्चितच वाचवले.

आणि मग किल्लारी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून झोपी गेलेल्या लातूर-उस्मानाबाद भागातील गावांवर त्यांची स्वतःची घरे कोसळली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास गेला. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता; मारले ते दगडमातीच्या भिंतींनी आणि धाब्यांनी. येथे आमच्या प्रतिपादनाला एक महत्त्वाची मर्यादा पडते, आणि ती प्रांजळपणे मांडली पाहिजे. धाब्यावर दरवर्षी माती टाकली जाई, पण जुनी क्वचितच उतरवली जाई. पिढ्यान्‌पिढ्यांच्या डागडुजीने छताचे ओझे वाढत गेले. खालच्या भिंतीचे दोन पदर आरपार जाणाऱ्या दगडांनी सांधलेले नव्हते. हादरा बसताच ते सुटले. म्हणजे देखभाल झाली होती, पण आंधळी. राखण्याच्या श्रमाला ज्ञानाची जोड नसेल तर तोच श्रम घातक ठरू शकतो.

त्यानंतरच्या पुनर्वसनात नव्या गावांची चर्चा पुष्कळ झाली. त्यातला एक भाग मात्र कमी आठवला जातो : उभ्या घरांची दुरुस्ती व बळकटीकरण. छतावरची जादा माती उतरवावी, भिंतीचे दोन पदर एकमेकांना सांधावेत, भिंतीला आडवी पट्टी द्यावी, असे साधे व स्वस्त उपाय अभियंत्यांनी सुचवले होते. लाखाच्या घरातील कुटुंबांना त्यासाठी साहाय्य देण्याची ती योजना होती. अनेकांनी त्या पैशांतून जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी एक पक्की खोली उभारणे पसंत केले. भीतीपोटी केलेली ही निवड समजण्याजोगी आहे. महाराष्ट्राने उभ्या घरांच्या सुधारणेचा एवढा व्यापक प्रयोग एकदा केला होता, आणि जुन्या घरावरचा विश्वासच उडाल्यामुळे तो पूर्ण अर्थाने रुजला नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

कर्जत परिसरातही नव्वदीनंतर स्लॅब हीच प्रतिष्ठा ठरली. इंदिरा आवास आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांतून घरकुले उभी राहिली, निवारा मिळाला. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारची धग काही तासांत आत सोडतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. पत्रा तर काही मिनिटांत तापतो. दोन हजारच्या दशकातले ग्रामीण भारनियमन ज्यांना आठवते, त्यांना स्लॅबचे खरे रूप ठाऊक आहे. पंखा बंद पडला की ते घर राहण्याजोगे उरत नसे. जुन्या घरात गारवा श्रमाने राखला जाई. नव्या घरात तो विजेने विकत घ्यावा लागतो. श्रमाची जागा कोळशाने घेतली, एवढाच या शतकभराच्या स्थित्यंतराचा सारांश आहे.

कायद्याची नजर

युरोपात उभ्या इमारतींचा प्रश्न १९७३ च्या तेलसंकटाने ऐरणीवर आणला. तेथे आज असलेल्या इमारतींपैकी ८५ ते ९५ टक्के २०५० सालीही वापरात असतील, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे. त्यामुळे जुन्या भिंतींना आवरण देणे, खिडक्या बदलणे हेच त्यांच्या धोरणाचे केंद्र होऊन बसले. तेथली लढाई मुख्यतः उष्णता आत धरून ठेवण्याची. आपली ती बाहेर ठेवण्याची.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. पुढल्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. २००७ साली इमारतींसाठीची पहिली ऊर्जा संहिता आली, ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी. २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही १०० किलोवॅट वा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतीच येतात. घरांसाठी 'इको-निवास संहिता' निघाली ती २०१८ साली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घालून दिली. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी बांधकामांसाठी आहे. घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. या दोन आकड्यांमधल्या अंतरात जवळजवळ अवघे कर्जत मावते.

भारतात अजून पुष्कळ बांधायचे आहे, म्हणून आधी नव्याकडे पाहावे, असा या धोरणामागचा युक्तिवाद आहे, आणि तो खोटा नाही. २००९ साली वापरातील कार्यालयांना ताऱ्यांची श्रेणी देण्याची योजना निघाली. पण ती ऐच्छिक, आणि मोठ्या कार्यालयांपुरती. उभ्या घरांच्या वाट्याला आला तो दिवा. जानेवारी २०१५ पासून 'उजाला' योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम ९ वॅटचा दिवा करू लागला. हे यश मोठे आहे. मात्र ते का साधले, हेही पाहावे : दिवा एकदा बदलला की काम संपते. छताचे तसे नाही.

आजचे मृग नक्षत्र

मग कर्जतमधल्या उभ्या स्लॅबचे आणि पत्र्याचे काय करावे? पुन्हा धाबी घालावीत असे सुचवणे हास्यास्पद ठरेल. जे आहे त्यालाच राखायचे आहे. त्यात एक शहाणपणही आहे : सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वायू निघतो, तो कार्बन या घरांसाठी खर्ची पडून गेलेला आहे. घर पाडून 'पर्यावरणस्नेही' नवे बांधणे म्हणजे तो खर्च पुन्हा करणे.

उपाय साधेच आहेत. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, तर गळती आणि धग दोन्ही घटतात. तेवढी ऐपत नसेल तर चुन्याची सफेदी. ताजी सफेदी बहुतांश ऊन परतवते आणि खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून छत घालावे. पश्चिमेच्या भिंतीला वेल, झाड किंवा पडवीची सावली द्यावी. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे त्यात गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देणे समाविष्ट झाले. तेलंगणाने २०२३ साली शीत छतांचे स्वतंत्र धोरण आणले. कर्जतला लागणारे ज्ञान दूरचे नाही.

थोडा हिशेबही मांडू. साधा पंखा ७५ वॅटचा. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालला तर २७० युनिट वीज घेतो. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा १०८ युनिट घेतो. घरात चार पंखे धरले तर वर्षाला ६४८ युनिट वाचतात. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे साडेचारशे किलो. आता याच घराने तापलेल्या स्लॅबला कंटाळून वातानुकूलन यंत्र घेतले, आणि ते तासाला दीड युनिटप्रमाणे रोज आठ तास, तीन महिने चालवले, तर १,०८० युनिट खर्च होतात, साडेसातशे किलो. चारही पंख्यांची बचत एका यंत्राने गिळली. म्हणून प्रश्नाची किल्ली छतात आहे. छत निवले तर ते यंत्र घ्यावेच लागत नाही.

परंतु चुन्यावर धूळ बसते. पावसाने ती सफेदी धुऊन जाते. दरवर्षी होळीच्या सुमारास कोणीतरी शिडी लावून वर चढायला हवे, छत झाडायला हवे, कुंचला फिरवायला हवा. म्हणजे आपण फिरून त्याच जागी येतो. मृगाआधीची माती गेली, तिच्या जागी होळीचा चुना आला. वर चढणारा माणूस मात्र हवाच. तो आता बिगारीचा नसावा, आणि घरातल्या बाईच्या न मोजलेल्या श्रमातूनही तो येऊ नये. घरकुल बांधायला अनुदान आहे. घरकुल राखायला नाही. शाळाखोलीच्या बांधकामाचा समारंभ होतो. तिच्या छताला लागणाऱ्या वार्षिक खर्चाचा होत नाही.

हा केवळ विजेच्या बिलाचा प्रश्न नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. धोकादायक खोल्यांसाठी कार्यालयीन भाषेत 'निर्लेखन' असा शब्द आहे; खोली कागदावरून पुसून टाकायची आणि मग पाडायची. राखण्यासाठी असा रुळलेला, अंदाजपत्रकात हक्काने बसणारा शब्द आपल्याकडे नाही. ज्या छताकडे गळतीसाठी कोणी पाहिले नाही, त्याच्याकडे उष्णतेसाठी कोण पाहणार? सुरक्षितता, गारवा आणि कार्बन ही तीन खाती वेगळी दिसतात. वर चढून पाहणारा माणूस तिन्हींसाठी एकच असतो.

आशेला जागा नाही असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतांवर आधारित रचना केली. त्यातल्या अग्नीखाली ऊर्जेचा विचार येतो. त्या काळात कर्जत शहरातील नागरिकांनी झाडांसाठी व स्वच्छतेसाठी दीर्घकाळ श्रमदान केले. ज्या गावाला झाडाला रोज पाणी घालण्याची सवय लावून घेता आली, त्याला वर्षातून एकदा छताकडे पाहण्याची सवय अशक्य नाही. पण श्रमदानावर एक उन्हाळा निघतो, पिढी निघत नाही. नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी छतांच्या देखभालीसाठी मजुरीची तरतूद केली, रोजगार हमीच्या या जन्मभूमीत तो रोजगार मानला गेला, आणि किल्लारीचा धडा स्मरून त्याला गवंड्यांच्या व अभियंत्यांच्या ज्ञानाची जोड मिळाली, तरच ही रीत टिकेल.

जुन्या घराकडून घेण्यासारखे आहे ते त्याचे वेळापत्रक. त्याची माती नव्हे आणि त्याची समाजरचना तर नव्हेच. घर बांधून संपत नाही, हे ज्ञान त्या वेळापत्रकात साठवलेले होते. आपण ते ज्ञान, भाषेनेच सुचवल्याप्रमाणे, धाब्यावर बसवले. ते खाली उतरवायचे, तर कोणाला तरी वर चढावे लागेल. आणि या खेपेला त्याची मजुरी द्यावी लागेल.